पदकाच्या कडेवरचे नाव

आमच्या गावच्या घरी माळ्यावर एक काळी ट्रंक आहे आणि त्या ट्रंकेत रावळगावच्या गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. लहानपणी मला वाटायचे की त्यात सुया-दोरे असतील. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागला, तेव्हा आत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली दोन पदके निघाली : १९७१ च्या लढाईचे संग्राम पदक आणि पूर्व आघाडीवर लढलेल्यांना मिळालेला पूर्वी तारा. फिती विटल्या होत्या, धातू काळवंडला होता. संग्राम पदक उजेडात तिरके धरले तेव्हा त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेला क्रमांक आणि नाव दिसले. ते नाव माझ्या थोरल्या चुलत्यांचे, तात्यांचे होते.

मी पदक घेऊन खाली आले. तात्या पडवीत शेंगा फोडत बसले होते. त्यांनी ते हातात घेतले, कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि त्याकडे न पाहता सगळा क्रमांक म्हणून दाखवला. स्वतःचा मोबाईल क्रमांक त्यांना आजही पाठ नाही.

तात्या १९६८ साली भरती झाले. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरवर रंगरुटी करून ते पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पल्टणीत गेले आणि पंधरा वर्षे पुरी करून १९८३ मध्ये नाईक म्हणून पेन्शनीत आले. गावात त्यांना ‘मिल्ट्रीवाले तात्या’ म्हणतात. ही ओळख इतकी अंगवळणी पडली होती की मिल्ट्रीत त्यांनी नेमके काय केले, हे घरातल्या कोणीही त्यांना नीट बसून विचारले नव्हते. त्यात मीही आले.

ते विचारायला हवे, असे मला ज्या दिवशी तीव्रतेने वाटले तो दिवस विजय दिनाचा होता. एका शाळेने १६ डिसेंबरला परिसरातील माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. सकाळी नऊला बोलावलेले हे सारे सत्तरी-पंचाहत्तरीचे लोक पाहुण्यांची वाट पाहत साडेअकरापर्यंत मंडपाच्या उन्हाकडच्या बाजूला बसून राहिले. मग भाषणे झाली, शाल आणि श्रीफळ देऊन झाले, फोटो निघाले. एका मुलाने हात वर करून विचारले, “आजोबा, तुम्ही लढाईत काय केलं?” तात्या माईककडे वळलेही होते, पण सूत्रसंचालकांनी वेळेअभावी कार्यक्रम पुढे नेला. घरी परत येताना गाडीत तात्या काही बोलले नाहीत. शाल त्यांनी मागच्या सीटवर ठेवली आणि ती तिथेच राहिली. शाळेचा हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. मात्र ज्याला मान देण्यासाठी बोलावले त्याचे दोन वाक्ये ऐकून घेणे हा त्या मानाचाच भाग आहे, आणि नेमका तोच भाग आपल्याकडे दर वर्षी राहून जातो.

आपला सातारा जिल्हा म्हणजे घरटी एक फौजी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. आपल्याकडच्या अनेक गावांत त्या युद्धानंतर सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या अजून चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत दिसतात. अशा पाटीवरचा मजकूर साधारण एकाच ठशाचा असतो : या गावातून महायुद्धाला इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. त्या पाट्या मी आदराने पाहते, पण दर वेळी एक गोष्ट खुपते. पाटीवर आकडा असतो, नावे नसतात. शंभर वर्षांनंतर गावातल्या कोणालाही त्या आकड्यातला आपला पणजोबा कोणता, हे सांगता येत नाही.

हे गावच्या पाटीपुरतेच झाले असते तर एक वेळ समजून घेता आले असते. इराकमध्ये बसरा येथे त्या युद्धातील मृतांचे मोठे स्मारक आहे आणि त्यावर चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची नोंद आहे. तिथे ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली, पण हिंदी हवालदार-शिपायांची मात्र त्या त्या पल्टणीच्या नावाखाली नुसती संख्या लिहिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ही असमानता २०२१ मध्ये आपल्या अहवालात मान्य केली आणि माफी मागितली. त्या संख्येत मराठी माणसे किती असतील याचा अंदाज इराकमधल्याच कूतच्या वेढ्यावरून यावा. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत अल अमारा पडले, तेव्हा आत अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पल्टणी होत्या. उपासमारीने खंगलेली ती माणसे कैदी म्हणून वाळवंटातून चालवली गेली आणि त्यांतली कितीतरी वाटेतच पडली.

त्यांपैकी १०३ क्रमांकाची पल्टण म्हणजेच पुढची पहिली मराठा, तात्यांची जंगी पल्टण. याच पल्टणीचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीच्या काठी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाठीवर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवले आणि मग एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे होते आणि १९८४ साली वारले. म्हणजे त्यांना भेटता आले असते अशी माणसे आज पन्नाशीत-साठीत आहेत. त्यांचा पराक्रम आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः इंग्रजी मानपत्राच्या भाषेत. ते पाणी किती गार होते, पाठीवरचा माणूस काही बोलत होता का, हे त्यांच्या तोंडच्या मराठीत ऐकायला मिळाले असते तर किती बरे झाले असते, असे मला फार वाटते.

तात्यांच्या वाट्याला आलेली नदी म्हणजे ब्रह्मपुत्रेचे जुने पात्र. १९७१ च्या डिसेंबरात जंगी पल्टण जिच्यात होती ती ९५ माउंटन ब्रिगेड मेघालयाच्या बाजूने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात उतरली. ४ डिसेंबरला कमालपूरचे ठाणे पडले, मग बक्षीगंज, शेरपूर आणि नदीपलीकडचे जमालपूर. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच ही पल्टण मोर्चे बांधून होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवले आणि पलीकडच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही हकिकत या युद्धावर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सांगितली आहे. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखालची जंगी पल्टण नदी ओलांडून शहराच्या दक्षिणेला गेली आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघू पाहणाऱ्या शत्रूचे हल्ले तिने परतवले. ११ तारखेला जमालपूर पडले आणि उत्तरेकडून ढाक्याची वाट मोकळी झाली.

हे सगळे मी वाचून गेले होते आणि मोठ्या उत्साहाने तात्यांना त्या गोळीविषयी विचारले. त्यांना ती माहीतच नव्हती. “आमाला कोन सांगनार? आमी खड्ड्यात हुतो,” एवढेच ते म्हणाले. त्यांना माहीत होती ती होडी. नदी ओलांडायला गावकऱ्यांनी आणलेल्या होड्या, त्यांच्या तळाशी साचलेले मासळीच्या वासाचे पाणी, पाय भिजू नयेत म्हणून बूट गळ्यात अडकवावेत की उतरल्यावर लगेच पळायचे म्हणून पायातच ठेवावेत यावर सेक्शनमध्ये झालेली कुजबूज, आणि वल्हे मारणारा एक म्हातारा, ज्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. हे तात्या सांगत होते तेव्हा त्यांचा उजवा हात वल्ह्यासारखा हलत होता आणि आवाज आपोआप खाली गेला होता, जणू पलीकडच्या काठावर अजूनही कोणी ऐकत आहे. गोळीची हकिकत कोणत्याही ग्रंथालयात सापडेल. होडी फक्त आमच्या पडवीत होती.

तात्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण सुरू करताना मी चुका केल्या. पहिल्या दोन बैठका मोबाईलवर घेतल्या आणि दुसरीकडे कुठेही उतरवून ठेवल्या नाहीत. मोबाईल पाण्यात पडला आणि बेळगावच्या रंगरुटीवरचा जवळजवळ तासाभराचा आवाज गेला. तात्यांनी ते सगळे पुन्हा सांगितले, पण पहिल्या वेळी उस्तादाची नक्कल करताना ते जसे हसले होते तसे दुसऱ्या वेळी हसले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक बैठक त्याच संध्याकाळी तीन ठिकाणी जाते आणि धारिकेच्या नावातच तारीख, ठिकाण आणि विषय असतो. दुसरी चूक प्रश्नांची होती. “भीती वाटली का?”, “अभिमान वाटला का?” असे विचारले की तात्या सभेत देतात तसे उत्तर देत. पाठीवर काय काय होते, पाणी कुठून आणायचे, थंडी कशी घालवली, लंगर, म्हणजे पल्टणीचे स्वयंपाकघर, मागे राहिल्यावर काय खाल्ले, असे विचारू लागले तशी गाठ सुटली. सकाळी चहानंतरची वेळ, टीव्ही बंद, आणि बसायचे त्यांच्या डाव्या बाजूला, कारण उजव्या कानाने त्यांना १० डिसेंबरच्या त्या रात्रीपासूनच कमी ऐकू येते. पन्नास वर्षे घरातले सगळे त्यांना ‘ऐकत नाहीत’ म्हणत आलो आणि त्याचे कारण मला त्या बैठकीत कळले.

तिसऱ्या बैठकीतली अकरा मिनिटे त्यांनी फक्त शक्करपाऱ्यांवर घालवली. लंगरमध्ये ते कसे तळतात, पोत्यात कसे भरतात, दोन दिवसांनी दगडासारखे कसे होतात, मग दाढेखाली धरून कसे भिजवायचे. मजकूर कागदावर उतरवताना हा भाग गाळावा असे माझ्या मनात आले होते. गाळला नाही, हे बरे झाले.

वृद्ध माणसाची आठवण पुराव्यासारखी तपासावी का, हा प्रश्न मला पडला होता. तात्या ठामपणे सांगत की १० तारखेची ती रात्र अमावास्येची होती, डोळ्यात बोट घातले तरी दिसणार नाही इतका काळोख होता. मी जुने पंचांग काढून पाहिले. अमावास्या १७ डिसेंबरला होती, त्या रात्री मार्गशीर्ष वद्य अष्टमी-नवमीचा सुमार होता, म्हणजे मध्यरात्रीनंतर अर्धा चंद्र उगवला असणार. हे त्यांना हळूच सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “व्हय. मागनं उजेड पडला हुता. तवाच तर दिसलं.” काय दिसले ते त्यांनी त्या दिवशी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तेव्हापासून मी ठरवले की सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसे ठेवायचे आणि तारखा-तिथ्या वेगळ्या लिहून शेजारी ठेवायच्या. अमावास्या म्हणणारे तात्या चुकले असे मी म्हणणार नाही. मध्यरात्रीपर्यंत ते काळोखातच होते.

सगळेच जड होते असे मात्र नाही. पुढे ढाक्याच्या वाटेवर जंगी पल्टणीची आणि ११ डिसेंबरला टांगाईलजवळ विमानांतून छत्रीने उतरलेल्या २ पॅरा या पल्टणीची गाठ पडली. २ पॅरा ही मुळात मराठा पल्टणच. तात्या म्हणतात, परक्या मुलखात, धुळीने माखलेल्या त्या छत्रीवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो, “गाव कुठलं?” आणि ते कऱ्हाडच्या बाजूचे निघाले. ही गोष्ट सांगताना तात्या प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारतात.

आमच्या काकींना मी बैठकीत उशिरा आणले, याची मला खंत आहे. त्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, लग्नाला वर्ष झाले होते. ९९ ए.पी.ओ. असा लष्करी टपालाचा पत्ता असलेली पत्रे येत, त्यावरून माणूस पूर्वेकडे आहे एवढेच कळे. काकींना वाचता येत नव्हते, त्यामुळे पत्र शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यायचे आणि गुरुजींसमोर, सासऱ्यांसमोर चेहरा हलू द्यायचा नाही. डिसेंबरात पोस्टमनची सायकल वेशीत दिसली की गल्लीतली जाती थांबत, असे त्या सांगतात. तार कोणाच्या दारात जाते हे कळेपर्यंत कोणी खुंटा फिरवत नसे, आणि ती दुसऱ्याच्या दारात गेली की मनाला जी सुटका वाटे तिची लाज त्यांना अजून वाटते. लढाईच्या कोणत्याही इतिहासाला हे बाहेरचे वाटेल. मला ते त्या इतिहासाच्या आत हवे आहे.

घाई करण्याचे कारण उघड आहे. १९७१ साली जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, आणि १९६५ चा जवान ऐंशीच्या पुढे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले तर जवळजवळ सगळेच गेले. सरकारी बाजूने काही होत नाही असे नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण जाहीर करून पंचवीस वर्षांपूर्वीची लष्करी कागदपत्रे तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात देण्याचे ठरवले आहे. पण पल्टणीच्या युद्धरोजनिशीत त्या रात्री किती जखमी झाले एवढेच असणार, वल्हे मारणारा म्हातारा नसणार. तो आपणच लिहून ठेवला पाहिजे. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांचे डिस्चार्ज बुक, पदकांच्या कडा, जुने फोटो आणि पत्रांचे लखोटे यांची छायाचित्रे आजच काढावीत आणि फोटोतल्या माणसांची नावे त्यांच्याकडूनच मागे लिहून घ्यावीत, कारण ती नावे दुसऱ्या कोणालाही येत नाहीत. एक प्रत पल्टणीच्या सेंटरला द्यावी, एक गावच्या वाचनालयात ठेवावी. सांगणाऱ्याने जे घराबाहेर जाऊ नये म्हटले आहे ते जाऊ देऊ नये. आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना घेऊन जावे. तात्यांच्या बोटांच्या रेषा शेतीकामाने झिजल्या आहेत, यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि तीन-तीनदा पुसून पुन्हा ठेवताना ते ज्या अवघडल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहतात ते मला बघवत नाही. अशा वेळी शेजारी आपले माणूस असावे.

चंद्र उगवल्यावर काय दिसले ते तात्यांनी सातव्या बैठकीत, मी यंत्र बंद केल्यावर सांगितले. नंतर स्वतःच म्हणाले, “चालू कर. असू दे.” कोरेगाव तालुक्यातला त्यांचा जोडीदार, एकाच दिवशी भरती झालेला, दोन हातांवरच्या खड्ड्यात होता आणि गेला होता. सुट्टीवर आल्यावर त्याच्या घरी जायचे तात्यांनी अनेकदा ठरवले आणि दर वेळी बसस्टँडवरून परत आले. त्याचे आई-वडील वारले. एक थोरली बहीण पाटणकडे दिलेली, ती आहे असे त्यांना माहीत होते.

त्या बैठकीनंतर महिन्याभराने एका सकाळी तात्या धुतलेला सदरा घालून, दोन्ही पदके रुमालात बांधून पडवीत बसले होते. “पाटनला जाऊया,” म्हणाले. बाई ऐंशीच्या घरातल्या, डोळ्यांनी अधू. भिंतीवर गणवेशातल्या मुलाचा फोटो होता. तात्या फोटोसमोर उभे राहिले आणि पाय जुळवून सलाम केला, मग जमिनीवरच बसले. वाटेत घोकलेले त्यांना काहीच बोलता येईना. म्हणून मी हळू आवाजात ध्वनिमुद्रण लावले. होडी झाली, नदी झाली, काळोख झाला. बाई पदराचे टोक मुठीत धरून ऐकत होत्या. ते संपल्यावर त्यांनी एकच विचारले.

“त्या सांजच्याला जेवला हुता का तो?”

तात्यांनी मान वर केली. “शक्करपारे खाल्ले, अक्का. त्याचे त्यानं दुपारीच संपविले हुते. माझ्यातले चार दिले.”

बाईंनी चार बोटे पुढे केली आणि अंगठ्याने ती एकेक मोजली. मग मला म्हणाल्या, “पोरी, ते खाण्याचं बोललाय का त्यात? तेवढं लाव.”